विहीर, धान्याची रास आणि कापडात गुंडाळलेला चेंडू : वर्तुळ मोजायला शिकवणारे भास्कराचार्य

येवला म्हटलं की लोकांना तीन गोष्टी आठवतात. पैठणी, तात्या टोपे आणि १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे केलेली धर्मांतराची घोषणा. गणित काही कुणाला आठवत नाही.

पण कधी उन्हाळ्यात तालुक्याच्या पूर्व भागात या. हा अवर्षणप्रवण पट्टा. मे महिन्यात इथल्या पारावर गप्पांचा विषय एकच असतो, विहीर. कुणाच्या विहिरीला किती पाणी आहे, कुणी किती खोल गेलं, कुणाला खडक लागला.

समजा एका शेतकऱ्याची विहीर २० फूट व्यासाची आणि ३० फूट खोल आहे. त्याच्या भावाने ठरवलं की आपण ४० फूट व्यासाची खोदू, खोली तेवढीच ठेवू. आता त्याला किती जास्त माती-मुरूम बाहेर काढावा लागेल?

दुप्पट, असं तुमच्या मनात आलं असेल तर थांबा.

२० फुटी विहिरीच्या तोंडाचं क्षेत्रफळ भरतं साधारण ३१४ चौरस फूट. ३० फूट खोली धरली तर ९,४२५ घनफूट खोदाई. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे झाले ९४ ब्रास. आणि ४० फुटी विहीर? ३७७ ब्रास. थेट चौपट. खोदल्यावर माती फुगते ती वेगळीच. ज्याने दुप्पट खर्च धरून पैशांची सोय केली, तो विहीर अर्धी होताच उसनवारीला बाहेर पडणार.

कारण वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गावर वाढतं. त्रिज्या दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट, तिप्पट झाली की नऊपट. शाळेत आपण सगळ्यांनी हे पाय आर स्क्वेअर म्हणून पाठ केलंय. मीही केलंय. फळ्यावर सूत्र आलं, वहीत उतरलं, परीक्षेत दोन मार्क पडले आणि विषय संपला. ते तसंच का असतं हे ना कुणी सांगितलं, ना मी विचारलं.

आजची गोष्ट आहे ते का विचारणाऱ्या माणसाची. त्याचं नाव भास्कराचार्य. आणि त्याच्या घराण्याची सगळ्यात पक्की खूण सापडते ती येवल्यापासून फार लांब नाही. मनमाड, नांदगाव करत चाळीसगावला जायचं आणि तिथून पाटणादेवीच्या डोंगराकडे वळायचं. तिथे आपण शेवटी जाऊच, आधी माणूस बघू.

घरातच शाळा

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. जुन्या काळातल्या लोकांच्या बाबतीत जन्मसालावरून हमखास भांडणं असतात, इथे तो प्रश्नच नाही. आपण कधी जन्मलो आणि कितव्या वर्षी ग्रंथ लिहिला हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हिशेबाचा माणूस, दुसरं काय.

वडिलांचं नाव महेश्वर. तेच त्यांचे गुरू. घराणं शांडिल्य गोत्राचं आणि पिढ्यान्‌पिढ्या विद्वानांचं. यांच्याच एका पूर्वजाला राजा भोजाने विद्यापती ही पदवी दिली होती, असं शिलालेखात नोंदवलंय. म्हणजे आजच्या भाषेत, घरात वातावरण होतं.

गाव कुठलं? सह्याद्रीच्या परिसरातलं विज्जलविड, एवढं ते सांगतात. आता हे विज्जलविड म्हणजे आजचं कोणतं गाव यावर अभ्यासकांमध्ये जोरदार वाद आहे. कुणी विजापूर म्हणतं, कुणी बीड, कुणी पाटण. प्रत्येक गावाला भास्कराचार्य आपले वाटतात. यात वाईट काही नाही, पण छातीठोक सांगणारी पोस्ट दिसली की फॉरवर्ड करण्याआधी जरा दम घ्यावा.

त्यांच्या उमेदीच्या काळात देवगिरीचा किल्ला यादवांची राजधानी झालेला नव्हता. यादव अजून नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरच्या बाजूला होते आणि कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून आपलं बस्तान बसवत होते. हा सगळा मुलूख राजकीयदृष्ट्या हलता होता. आणि अशा काळात हा माणूस ग्रहांचे वेग आणि वर्तुळाचे परीघ मोजत बसला होता.

छत्तीसाव्या वर्षी चार ग्रंथ

११५० साली, वयाच्या ३६ व्या वर्षी, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. याचे चार भाग मानतात. लीलावती म्हणजे अंकगणित आणि भूमिती, बीजगणित म्हणजे नावातच आलं, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे खगोलाचे.

यातली लीलावती सगळ्यात गाजली. कारण ती कोरडी नाही. भुंग्यांचे थवे, हंस, मोडलेला बांबू, बिळाकडे धावणारा साप आणि खांबावरून त्याच्यावर झेप घेणारा मोर, अशी गणितं आहेत. समोर कुणी मुलगी बसलीय आणि तिला एकेक प्रश्न घातला जातोय, असा सूर आहे.

इथे ती व्हायरल गोष्ट येते. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रात मोती पडल्यामुळे चुकला, मग बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला. गोष्ट सुंदर आहे. पण ती आपल्याला मिळते १५८७ साली अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावतीचा फारसी अनुवाद केला त्याच्या प्रस्तावनेत. म्हणजे मूळ ग्रंथानंतर ४३७ वर्षांनी. खुद्द भास्कराचार्यांनी अशी काही हकिकत ग्रंथात सांगितलेली नाही. त्यामुळे गोष्ट म्हणून ऐका, इतिहास म्हणून नको.

केंद्र नसलेलं वर्तुळ

आता मुद्द्यावर येऊ. लीलावतीत वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचा नियम आहे, पण तो आपल्या पाय आर स्क्वेअरसारखा दिसत नाही. नियम असा : परिघाला व्यासाने गुणा आणि आलेल्या संख्येचा चौथा भाग घ्या. झालं.

परिघ × व्यास ÷ ४. बस.

उत्तर तेच येतं. परिघ म्हणजे दोन पाय आर, व्यास म्हणजे दोन आर, गुणाकार चार पाय आर स्क्वेअर, आणि चाराने भागलं की आपलं सूत्र. मग वेगळं काय?

विहिरीकडे परत चला. विहिरीची त्रिज्या मोजायची तर केंद्र लागतं. आणि खोदलेल्या विहिरीचं केंद्र कुठे असतं? हवेत. तिथे टेप धरायला कोण उभं राहणार? पण काठाने दोरी फिरवून घेर मोजता येतो. या काठापासून त्या काठापर्यंत दोरी ताणून सगळ्यात मोठं अंतर, म्हणजे व्यास, मोजता येतो. झाडाचा बुंधा असो, धान्याचं कणगं असो, गोल हौद असो, हातात सापडतो तो घेर आणि व्यास. त्रिज्या ही कागदावरची सोय आहे. मला तरी हा नियम मोजणाऱ्या माणसाच्या बाजूने लिहिलेला वाटतो.

आणि ज्याच्याकडे फक्त व्यास आहे त्याच्यासाठीही सोय आहे. व्यासाचा वर्ग करा, ३९२७ ने गुणा, ५००० ने भागा. किंवा घाई असेल तर ११ ने गुणा आणि १४ ने भागा. पहिला हिशेब बारीक, दुसरा ढोबळ. दोन्ही एकाच ठिकाणी दिलेत.

यामागे परीघ काढायच्या दोन रीती आहेत. व्यासाला ३९२७/१२५० ने गुणा, म्हणजे ३.१४१६. ही सूक्ष्म रीत. किंवा २२/७ ने गुणा, ही व्यवहारातली. आपण शाळेत जो २२/७ वापरतो तो त्यांनी व्यवहारासाठी म्हणूनच दिलाय.

आता इथे जरा खरं बोलू. हे सगळं भास्कराचार्यांनी पहिल्यांदा शोधलं असा दावा करणाऱ्या पोस्ट फिरतात. तसं नाही. ३.१४१६ हीच किंमत आर्यभटांनी ४९९ साली दिली होती. अर्धा परीघ गुणिले अर्धा व्यास हा क्षेत्रफळाचा नियमही त्यांच्याकडे आहे. ग्रीसमध्ये आर्किमिडीजने तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच यावर काम केलं होतं. भास्कराचार्यांचं मोठेपण पहिला नंबर लावण्यात शोधायला गेलं तर हाती फार लागत नाही. ते वेगळीकडे आहे.

किती अचूक हवं ते काम ठरवणार

आपल्या २० फुटी विहिरीचं बघा. सूक्ष्म रीतीने क्षेत्रफळ ३१४.१६ चौरस फूट, ढोबळ रीतीने ३१४.२९. ३० फूट खोलीला मिळून फरक पडतो पावणेचार घनफुटांचा. ९४ ब्रासच्या कामात एवढ्यासाठी कुणी ३९२७ ने गुणत बसणार नाही.

पण हाच हिशेब पृथ्वीला लावा. भास्कराचार्यांनी पृथ्वीचा परीघ ४९६७ योजनं धरलाय आणि व्यास १५८१ योजनं आणि एका योजनाचा २४ वा भाग. या व्यासाला ३९२७/१२५० ने गुणलं तर बरोबर ४९६७ येतं. २२/७ ने गुणलं तर ४९६९. दोन योजनं वाढली. विहिरीत जो फरक काही घमेल्यांत मावत होता तो इथे गावंच्या गावं गिळतो.

आणि आता गंमत. लीलावतीत धान्याच्या राशीचा हिशेब आहे. खळ्यावर धान्य ओतलं की शंकूसारखा ढीग होतो, तो न मापता किती आहे हे काढायचं. नियम असा की राशीच्या बुडाचा घेर मोजा, त्याचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा आणि उंचीने गुणा. तुम्ही हा नियम उलगडून बघितला तर कळेल की इथे पायची किंमत सरळ ३ धरलीय. ना ३९२७/१२५०, ना २२/७. फक्त तीन.

ज्या माणसाला चौथ्या दशांशापर्यंत किंमत माहीत आहे तो इथे तीन का चालवून घेतो? कारण धान्याची रास हा काही भूमितीतला शंकू नसतो. एका बाजूने घसरलेली, पायाने ढकललेली, वाऱ्याने पसरलेली असते. तिथे चार दशांशांचा आव आणण्यात अर्थ नाही.

त्याहून भारी गोष्ट पुढे आहे. राशीची उंची मोजायची तर काठी खुपसावी लागेल. त्याचीही युक्ती आहे. जाड दाण्याच्या राशीची उंची घेराच्या दहाव्या भागाएवढी धरा, बारीक दाण्याची अकराव्या भागाएवढी आणि कुसळं असलेल्या धान्याची नवव्या भागाएवढी. बारीक दाणा घसरतो म्हणून रास बसकी होते, कुसळं एकमेकांत अडकतात म्हणून रास उंच राहते. हे पोथीत डोकं घालून कळत नाही. हा माणूस खळ्यावर उभा राहिलेला आहे. बाजार समितीत मक्याचा ढीग नजरेने तोलणाऱ्या कुणालाही हे वाचून दाखवा, तो मान डोलावेल.

लीलावतीत खड्डे, विहिरी, तळी यांच्या खोदाईचं स्वतंत्र प्रकरण आहे. विटांच्या थरांचं आहे, लाकूड कापण्याचं आहे, सावलीवरून उंची काढण्याचं आहे. म्हणजे हा ग्रंथ फक्त पंडितांसाठी लिहिलेला नाही हे उघड आहे.

ज्याच्या ग्रंथावर टीका लिहिली, त्याचीच चूक काढली

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग.

भास्कराचार्यांच्या आधी आठव्या शतकात लल्ल नावाचे मोठे ज्योतिषी होऊन गेले. त्यांच्या शिष्यधीवृद्धिद या ग्रंथावर भास्कराचार्यांनी स्वतः टीका लिहिलीय. टीका म्हणजे ट्रोलिंग नव्हे, समजावून सांगणारं विवेचन. आदर असल्याशिवाय कुणी दुसऱ्याच्या ग्रंथावर एवढी मेहनत घेत नाही.

पण लल्लांनी गोलाच्या पृष्ठभागाचा एक नियम दिला होता. वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायचं की गोलाचं पृष्ठफळ मिळतं. हा नियम चूक आहे. क्षेत्रफळ गुणिले लांबी केलं तर उत्तर चौरसात येणारच नाही, घनात जाईल. पण नाव मोठं होतं आणि असा नियम पुढे चालत राहिला तर पृथ्वीचा पृष्ठभाग खऱ्यापेक्षा शेकडो पट मोठा निघतो.

भास्कराचार्यांनी गोलाध्यायात हे खोडून काढलं. आणि कसं? कापडाच्या तुकड्याने.

येवल्यात कापडाचं उदाहरण दिलं की लवकर कळतं, तर करून बघा. एक चेंडू घ्या, ज्याचा घेर ४४ सेंटिमीटर आहे. म्हणजे व्यास १४, त्रिज्या ७. चेंडू बरोबर मधोमध कापला तर जे वर्तुळ दिसेल त्याचं क्षेत्रफळ १५४ चौरस सेंटिमीटर.

आता घेराच्या निम्म्या व्यासाचं, म्हणजे २२ सेंटिमीटर व्यासाचं, एक गोल कापड कापा. ते चेंडूच्या डोक्यावर मधोमध ठेवा आणि खाली ओढा. कापडाची कड चेंडूच्या बरोबर कमरेपर्यंत पोचते. अर्धा चेंडू पूर्ण झाकला जातो, वर कडेला चुण्या पडतात. म्हणजे कापड थोडं जास्तच झालं.

या कापडाचं क्षेत्रफळ किती? ३८० चौरस सेंटिमीटर. मधल्या वर्तुळाच्या जेमतेम अडीचपट. अशी दोन कापडं लावली की पूर्ण चेंडू झाकून कापड उरतं. दोन्ही मिळून ७६१. म्हणजे चेंडूचा पृष्ठभाग ७६१ पेक्षा कमीच असला पाहिजे, यात वाद घालायला जागा नाही. लल्लांचा नियम काय सांगतो? १५४ गुणिले ४४, म्हणजे ६७७६.

खेळ खलास. कुठलंही मोठं गणित लागलं नाही, कापड आणि कात्री पुरली. आणि या साध्या चेंडूवर ११ पटींची असलेली चूक पृथ्वीएवढ्या गोलावर किती फुगेल याचा अंदाज करा. गोल जितका मोठा, तितकी चूक मोठी.

बरोबर उत्तर आहे मधल्या वर्तुळाच्या चौपट, ६१६. हा नियम लीलावतीत दिलाच होता. चेंडूवर जाळं विणलेलं असतं तसं चारही वर्तुळं त्याच्यावर बसतात, अशी कल्पना तिथे आहे. पण तेवढ्यावर न थांबता सिद्धान्तशिरोमणीवर स्वतःच लिहिलेल्या वासनाभाष्यात त्यांनी याचं कारण दिलंय. माती किंवा लाकडाचा गोल करा. आवळ्यावर जशा उभ्या रेषा असतात तशा त्यावर रेषा आखा, म्हणजे त्याच्या फाकी होतील. एका फाकीचं क्षेत्रफळ आडवे पट्टे करून काढा, मग सगळ्या फाकींचं करा. आज कॉलेजात इंटिग्रेशन शिकवतात त्याच्या जवळ जाणारी ही वाट आहे. तिला आजचं कॅल्क्युलस म्हणणं मात्र ओढाताण होईल.

त्यांची व्यास ७ धरून सोडवलेली उत्तरंही ग्रंथात आहेत. वर्तुळाचं क्षेत्रफळ ३८ पूर्णांक २४२३/५०००, गोलाचं पृष्ठफळ १५३ पूर्णांक ११७३/१२५०. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर टाकून बघा, ३.१४१६ धरून अगदी तंतोतंत जुळतात. व्यास ७ घेतलाय, म्हणजे २२/७ ने पटकन सुटलं असतं. तरी इथे अवघड रीत वापरलीय.

मोठ्या माणसाने सांगितलंय म्हणून खरं, हे त्यांना मान्य नव्हतं. नियमामागे उपपत्ती हवी, म्हणजे कारण दाखवता आलं पाहिजे. बाराव्या शतकात.

कारण पोचवणारे पुढचे लोक

यानंतर त्यांचा पुढचा ठाम मुक्काम दिसतो तो ११८३ सालचा, करणकुतूहल या ग्रंथाचा. तेव्हा वय होतं ६९. हा ग्रंथ पंचांग आणि ग्रहांचे हिशेब पटकन करता यावेत म्हणून. छत्तीसाव्या वर्षी कारणं सांगणारा माणूस सत्तरीला टेकल्यावर रोजच्या कामाची सोय करून देतो, मला हे आवडलं. त्यानंतर त्यांच्या हयातीची तारीख लावलेली नोंद मिळत नाही.

पण काम थांबलं नाही. मुलगा लक्ष्मीधर. त्याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी बोलावून नेलं. नातू चांगदेव, तो राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी झाला.

आणि वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं कारण? ते दाखवलं आणखी एका आपल्याच माणसाने. गणेश दैवज्ञ, नांदगावचे. येवल्याशेजारचं नांदगाव नव्हे, कोकणातलं समुद्रकाठचं. यांचा ग्रहलाघव हा १५२० चा ग्रंथ पंचांगकर्त्यांनी पुढे शतकानुशतकं वापरला. १५४५ साली त्यांनी लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली.

त्यातली युक्ती घरी भाकरीवर करता येते. गोल भाकरीचे मधोमध दोन अर्धे करा. प्रत्येक अर्ध्याच्या केंद्रापासून काठाकडे बारीक बारीक फाका करा, पण काठ तोडू नका. आता दोन्ही अर्धे काठ सरळ होईपर्यंत उलगडा. करवतीच्या पात्यासारखे दोन पट्टे तयार झाले. एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत घाला, बॅगेची चेन बसते तसे. एक आयत तयार होतो. त्याची लांबी निम्मा परीघ, रुंदी त्रिज्या. फाका जितक्या बारीक, तितका आयत नीट.

निम्मा परीघ म्हणजे पाय आर, त्याला आर ने गुणलं की पाय आर स्क्वेअर. फळ्यावरच्या सूत्रामागे एवढंच होतं. हे मला दहावीत कुणी भाकरीवर दाखवलं असतं तर मी मास कॉमऐवजी दुसरीकडे गेलो असतो का, माहीत नाही. पण विसरलो नसतो.

पुढे फैजीमुळे लीलावती फारसीत गेली. १८१६ साली मुंबईत जॉन टेलर यांनी आणि १८१७ साली हेन्री कोलब्रुक यांनी तिचे इंग्रजी अनुवाद छापले. भारताने १९७९ आणि १९८१ साली सोडलेल्या उपग्रहांची नावं भास्कर होती. नाव राहिलं. घराण्याची खूण मात्र बरीच शतकं डोंगरात पडून होती.

पाटणचा दगड

ती शोधली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, भायखळ्याचं म्युझियम आज ज्यांच्या नावाने आहे तेच. रुग्ण बघता बघता हा माणूस जुने लेख आणि नाणी वाचत फिरायचा. चाळीसगावजवळच्या पाटणला, आज जो भाग गौताळा अभयारण्यात येतो तिथे, भवानीच्या जुन्या देवळातला शिलालेख त्यांच्या हाती लागला. १८६५ साली त्यांनी त्याची माहिती जगासमोर आणली.

लेखात भास्कराचार्यांची अख्खी वंशावळ आहे, वर सहा पिढ्या आणि खाली मुलगा-नातू. आणि लेख कोरला कशासाठी? नातू चांगदेवाने इथे एक मठ काढला, त्याची ही नोंद. मठात काय शिकवायचं तेही लिहिलंय. सिद्धान्तशिरोमणी, भास्कराचार्यांचे इतर ग्रंथ आणि घराण्यातल्या बाकीच्यांचे ग्रंथ. थोडक्यात, आजोबांचं गणित पुढच्या पोरांना शिकवायला काढलेली शाळा.

विज्जलविड म्हणजे पाटणच, हे या दगडावरून सिद्ध होत नाही. पण त्यांचं गणित इथे शिकवलं जावं अशी व्यवस्था झाली होती, एवढं पक्कं होतं.

शाळा काढणं सोपं, चालवणं अवघड. पैसा कुठून येणार? १२०७ च्या सुमारास इथल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याची तजवीज केली. लेख बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटी जिथे पैशाचा हिशेब येतो तिथे भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. कारण तो भाग ज्यांनी पाळायचा होता ते बाजारातले लोक होते.

त्यात ठरवून दिलंय की पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला जाईल. गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात त्यातल्या प्रत्येकाने एकेक पळी तेल द्यायचं. आणि इथे जे काही मापलं जाईल ते मठाच्याच मापाने मापायचं. मापाईचा अर्धा वाटा मठाचा, अर्धा मापणाऱ्याचा.